काळ्या बोर्डिंग पासची पाठ

मित्रांनो, मी एक जुना लॅमिनेटर आहे. बीदर जिल्ह्यातल्या मुडबीच्या बसथांब्यासमोर गुरप्पाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या फळीवर प्रिंटरच्या शेजारी मी बसलेला असतो. गावात मला लॅमिनेटर कुणी म्हणत नाही, 'गुरप्पाची मशीन' म्हणतात. माझं तोंड म्हणजे एक लांबट फट. ती कागद घेण्यापुरती उघडी असते, त्यामुळे बोलायची मला सवय नाही. ही हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंका वाटते. पण मी गप्प राहिलो, तर एका विमान कंपनीनं सांगितलेलं तेवढंच खरं म्हणून उरेल. ते मात्र मला सोसवणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका कारखान्यात झाला. मला दोन रबरी रूळ दिले, त्यांना तापवणारी तार दिली आणि दोन दिवे दिले. लाल दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे कागद घाला. माझी भाषा एवढीच आहे. पण त्या भाषेत मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही.

गुरप्पानं मला गुलबर्ग्याच्या बाजारात विकत घेतलं आणि मांडीवर ठेवून बसनं गावी आणलं. कंडक्टर म्हणाला, "गुरप्पा, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" गुरप्पा लाजला, पण त्यानं मला खाली ठेवलं नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. जातीचे दाखले, दहावीची मार्क्स कार्डं, इकडच्या लोकांना नोकरीत राखीव जागा देणारे ३७१ (जे)चे दाखले, सातबाराला इकडं पहाणी म्हणतात त्या पहाण्या, लग्न जमवायच्या पोरींचे फोटो, सगळं माझ्या रुळांमधून गेलं. पत्र्यातून गळणारं पाणी, उंदीर, तेलाचे हात, यांच्यापासून मी गावाचे कागद वाचवले. "गुरप्पाच्या मशीनीतून गेलेला कागद भिजत न्हाई," असं लोक म्हणत. ते ऐकलं की माझा हिरवा दिवा जरा जास्तच उजळ लागायचा, असं मला उगाच वाटे.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नलिनीबाई. गावच्या मराठी शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं. गुरप्पा त्यांच्याच हाताखाली चौथी पास झाला होता. दुकानाचा मालक झाल्यावरही त्या आल्या की तो स्टुलावरून उठून उभा राही. बाईंचे नियम दोन. सही आणि तारीख नसलेला कागद घरात घ्यायचा नाही, आणि घेतलेला कागद पहिल्यांदा गुरप्पाकडे न्यायचा. गॅसचं पुस्तक, लसीचं कार्ड, नवऱ्याच्या पेन्शनीचा हुकूम, एकदा तर लिंबाच्या लोणच्याची कृतीसुद्धा त्यांनी माझ्यातून काढून नेली. काटकसर म्हणून त्या लहान कागद पाठीला पाठ लावून लॅमिनेशनच्या एकाच प्लॅस्टिक पाकिटात घालायला सांगत. गुरप्पाला ती सवयच लागून गेली.

पुढे दिवस बदलले. कागद मोबाइलमध्ये राहू लागले. माझ्या टोपणाला तडा गेला, अंगावर जुना टॉवेल पडला. आठवड्यातून एखादं गिऱ्हाईक आलं तर आलं. मी कुणावर रागावलो नाही. मला वाटलं, आपलं काम संपलं असावं.

अशात एका दुपारी नलिनीबाई आल्या. चेहरा उतरलेला होता.

त्यांची मुलगी हर्षिता शिक्षकभरतीच्या यादीत आली होती. मूळ कागदपत्रांची तपासणी बेंगळुरूला, दुपारी तीन वाजता. पत्र हाती आलं तेव्हा दोनच दिवस उरले होते. रेल्वेचं तिकीट मिळेना. बसमध्ये हर्षिताला उलट्या होतात. बाई म्हणाल्या होत्या, "रात्रभर ओकत जाऊन साहेबापुढं कशी उभी राहशील? विमानानं जा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरातलं माणूस विमानानं जाणार होतं.

विमान कलबुर्गीहून, म्हणजे गुलबर्ग्याहूनच, सकाळी नऊचं. हर्षिता आठलाच आत गेली, बोर्डिंग पास घेतला, खुर्चीवर बसली. नऊ वाजता सांगितलं, अर्धा तास. साडेनऊला सांगितलं, अर्धा तास. त्या कंपनीचा अर्धा तास एक वाजून दहा मिनिटांपर्यंत चालला आणि मग विमान रद्द झालं. इतकी माणसं चार तास अडकवल्याबद्दल प्रत्येकाला एक कूपन दिलं. कुपनावर एक समोसा आणि एक पाण्याची बाटली. हर्षितानं समोसा घेतला नाही. तपासणी गेली होती.

शिक्षण खात्यानं फोनवर सांगितलं, "पंधरा दिवसांत कारण आणि पुरावा पाठवा. न्हाईतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू."

हे सगळं गुरप्पाला सांगून नलिनीबाईंनी पिशवीतून बोर्डिंग पास काढला. त्याच्या मागे ते समोशाचं कूपन टाचणीनं लावलेलं होतं, पाठीला पाठ. पोरीच्या पर्समधून त्यांनी तो जसाच्या तसा उचलून आणला होता.

"हा पुरावा हाय गुरप्पा. पक्का करून दे."

गुरप्पाचा फोन वाजत होता. एका हातानं फोन धरून त्यानं दुसऱ्या हातानं टाचणी काढली, कागद वेगळे न करताच पाकिटात सरकवले आणि पाकीट माझ्या तोंडात दिलं.

मित्रांनो, कागद रुळाला लागताच मी ओळखलं. तो शाईनं छापलेला कागद नव्हता. उष्णतेनं छापतात तो गुळगुळीत कागद होता, एटीएमच्या पावतीसारखा. असल्या कागदाला ताप लागला की तो सगळाच काळा होतो. मला थांबायचं होतं. पण माझ्याजवळ दोनच दिवे आणि हिरवा लागलेला. रूळ फिरले. बोर्डिंग पास दुसऱ्या बाजूनं बाहेर आला तेव्हा तव्यासारखा काळा होता. नाव गेलं, तारीख गेली, विमानाचा नंबर गेला.

गुरप्पाच्या हातातला फोन खाली आला. "बाई... हे काय झालं?"

नलिनीबाईंनी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला साध्या शाईनं छापलेलं कूपन स्वच्छ दिसत होतं. त्यावर ना नाव, ना तारीख. एक समोसा, एक पाण्याची बाटली. त्या कंपनीची एवढीच निशाणी मी जपून ठेवली होती.

"पोरीला सांगू नको," बाई म्हणाल्या. "ट्रंकेत ठेवते. लागणारच न्हाई कदाचित."

त्यानंतर रोज संध्याकाळी माय-लेकी दुकानातल्या कॉम्प्युटरवर कंपनीला पत्र लिहायला येऊ लागल्या. त्यामुळे ती सगळी पत्रं मी ऐकली. हर्षितानं नियम शोधून काढला होता. ऐनवेळी विमान रद्द केलं तर तिकिटाचे पैसे तर द्यायचेच, वर भरपाईही द्यायची. तिनं दोन्ही मागितलं, आणि विमान कधी रद्द झालं याचं लेखी पत्र मागितलं. खरं तर तिला हवं होतं ते पत्र. नोकरी त्याच्यावर अडली होती.

कंपनीनं पहिल्यांदा कळवलं, तांत्रिक बिघाड होता. आम्ही दिलगीर आहोत. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी कळवलं, हवामान खराब होतं. निसर्गापुढं आमचा इलाज नाही, म्हणून भरपाई नाही. आम्ही दिलगीर आहोत.

"हवामान?" नलिनीबाई ताडकन म्हणाल्या. "त्या दिवशी आख्ख्या मुडबीनं तूर वाळत घातली होती. आभाळात कापसाएवढा ढग न्हवता. ह्यांचं विमान कुठल्या आभाळातून जायलंय?"

"बाई, हे लोक रोज कारण बदलायलेत," गुरप्पा म्हणाला. "चौथीत मी गृहपाठाची इतकी कारणं सांगितली नव्हती."

"तू सांगितली होतीस. पण तुझी बरी होती."

अकराव्या दिवशी तिसरं पत्र आलं, आणि ते सगळ्यात निर्लज्ज होतं. विमान रद्द झाल्याचा संदेश आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर पाठवला होता, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे प्रवाशाला दुसरी सोय करायला पुरता वेळ होता. तसं नसेल, तर त्या सकाळच्या बोर्डिंग पासची वाचता येईल अशी प्रत जोडा. खाली पुन्हा दिलगिरी.

माझ्यासारख्या स्वस्त यंत्राला मोठ्या कंपन्यांबद्दल बोलायचा अधिकार आहे का, मला ठाऊक नाही. पण मी पंचवीस वर्षं कागद पाहिले आहेत. निरक्षर माणसानं अंगठा उठवलेले कागद माझ्यातून गेले, आणि त्या अंगठ्याला जेवढी लाज होती तेवढी त्या गुळगुळीत पत्रांत मला कुठे दिसली नाही. तीन पत्रं, तीन कारणं, आणि तीनही पत्रांखाली कुणा माणसाचं नाव नाही. आकाशात उडणाऱ्यांना जमिनीवर एक खरं वाक्य लिहिता येत नव्हतं.

"खात्याला हेच पत्र दिसलं तर ते म्हणतील, आदल्या दिवशी कळलं होतं तर बसनं कामून आली न्हाईस?" हर्षिता म्हणाली. "पण आई, पास आहे ना. उद्या त्याची प्रत पाठवू. तू लॅमिनेशन करून ठेवलायस म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी नलिनीबाईंनी ते काळं पाकीट आणून मुलीपुढे ठेवलं. छत्तीस वर्षं पोरांना उभं करणारी बाई स्वतः उभी होती.

"माझ्या हातानं झालं," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी मी भाजली."

"बाई, मशीन माझी हाय," गुरप्पा पुटपुटला. "चूक माझी."

चूक माझी होती, असं मलाही म्हणायचं होतं.

हर्षितानं पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग तिसऱ्यांदा पाहिलं. "अण्णा, हे दोन कागद आहेत ना? वेगळे केले होते तुम्ही?"

"न्हाई. टाचणी काढली आणि तसेच घातले."

"मागं लिहिलेलं आहे. पासच्या पाठीवर. काउंटरवरच्या मुलीकडून लिहून घेतलं होतं मी. ते पुसलं जाऊ नये म्हणून तर कूपन पाठीला लावलं होतं. हातानं लिहिलेलं खातं मानेल का, असं वाटलं, म्हणून कंपनीचं पत्र मागत होते."

नलिनीबाई हळूच म्हणाल्या, "सही घेतलीस?"

"सही घेतली. तारीखपण घेतली. तुझी लेक आहे मी."

"पण जळलं असंल की आतून," गुरप्पा म्हणाला.

मित्रांनो, नव्हतं जळलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाकिटाचा डिंक कागदाच्या बाहेरच्या अंगालाच चिकटतो, पाठीला लागलेली पाठ कोरडीच राहते. आणि असा कागद काळा होतो तो लेप असलेल्या बाजूनं, मागून नाही. बारा दिवस मी हे टॉवेलाखाली बसून जाणत होतो आणि सांगू शकत नव्हतो.

हर्षितानं कात्री उचलली. गुरप्पानं ती तिच्या हातातून घेतली. "पंचवीस वर्षांत मी केलेलं लॅमिनेशन मी फोडलं न्हाई," तो म्हणाला, "पण फोडायचंच असंल तर मीच फोडतो." त्यानं कड नखाएवढी कापली, तीन बाजूंनी. मग पोस्टकार्ड सरकवून पाकीट हळूहळू उकललं.

कूपन एका बाजूला आलं, पास दुसऱ्या. काळ्या पासची पाठ पांढरी होती. त्यावर निळ्या बॉलपेननं, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: हर्षिताचं नाव, विमानाचा नंबर, प्रवासी सकाळी आठपासून हजर, विमान दुपारी एक दहाला रद्द. खाली सही, तारीख आणि काउंटरचा शिक्का. आख्ख्या कंपनीत एका मुलीनं खरं लिहिलं होतं, तेही पाठीमागच्या बाजूला.

नलिनीबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "अक्षर बरं हाय पोरीचं," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

त्याच दिवशी पाठीच्या प्रती खात्याला आणि कंपनीला गेल्या. खात्यानं हर्षिताला नवी तारीख दिली. या वेळी ती बसनं गेली, पिशवीत लिंबं घेऊन. आता ती अफजलपूरजवळच्या एका शाळेत तिसरीला शिकवते.

कंपनीनं आधी कूपन पाठवलं, त्यांच्याच विमानात सहा महिन्यांत वापरायचं. "परत ह्यांच्याच विमानात? ही भरपाई हाय का शिक्षा?" बाईंनी विचारलं आणि बीदरच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार लावली. कंपनीचा वकील आला, त्यानं त्या पासची पाठ पाहिली आणि पुढची तारीख पडायच्या आत सगळं मिटवून घेतलं. तिकिटाचे पैसे आले, भरपाई आली, आणि जाड कागदावर माफीचं पत्र आलं.

ते पत्र घेऊन नलिनीबाई दुकानात आल्या. गुरप्पानं माझ्यावरचा टॉवेल काढला. माझा लाल दिवा लागला.

"बाई, मोठं पाकीट काढू का? ह्याची आधी झेरॉक्स काढतो, मग लॅमिनेशन. आता शिकलोय मी."

बाईंनी पत्र वाचलं. खाली लिहिलं होतं, 'आपली ग्राहकसेवा टीम'. त्यांनी पत्र उलटून पाठही बघितली. कोरी होती.

"सही न्हाई," त्या म्हणाल्या. "तारीख न्हाई. चौथीतल्या पोरानं असा अर्ज आणला असता तर मी घेतला असता का रे?"

"मला बाहेर उभं केलं असतं, बाई."

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि पत्राच्या तळाशी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'सही व तारीख घालून पुन्हा लिहून आणणे.' खाली स्वतःची सही केली, तारीख घातली आणि ते रजिस्टर पोस्टानं परत पाठवायला गुरप्पाकडे दिलं.

मित्रांनो, माझा हिरवा दिवा तोवर लागला होता. गुरप्पानं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत तापून रिकामं राहण्याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. मी फार शहाणा नाही, पण एवढं मागतो. गुळगुळीत पावतीला कधी ताप देऊ नका, तिची आधी प्रत काढा. हातातला कागद काळा झाला तरी फेकू नका, उलटून बघा. आणि तुम्ही मोठे होऊन कुठल्या काउंटरमागे बसलात, तर समोरच्याला खरं तेच लिहून द्या आणि त्याखाली तुमचं नाव घाला.

ते दुरुस्त पत्र अजून आलेलं नाही.