सात नंबरची टेप

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी माझी जागा आहे.

भारतातल्या आणि इंग्लंडमधल्या टेप एका पद्धतीच्या असतात, अमेरिकेतल्या दुसऱ्या. मला दोन्ही वाचता येतात. म्हणूनच गिरीश आणि शैलजा यांनी आपल्या लग्नाची टेप बघण्यासाठी मला न्यूयॉर्कच्या देसी दुकानातून मुद्दाम आणलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवली. "शैलजा, किती बारीक होतीस गं," असं सुलेखामावशी दरवेळी म्हणत. "टेप ताणली गेलीय," असं शैलजा दरवेळी सांगे.

२००२ साली त्यांची मुलगी नीना सोळा वर्षांची झाली. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या आसावरीने, तिच्या मावसबहिणीने, तिला सहा टेप पाठवल्या. सगळे तिकडच्या तरुण मुलांचे सिनेमे. नीनाने त्यांवर एक ते सहा आकडे चिकटवले. मला ते पाठ झाले होते. प्रत्येकात एक बडबड्या म्होरक्या, त्याच्या मागे फिरणारा एक भित्रा आणि गाव सोडायचं ठरवलेली एक मुलगी. उंच, करड्या सरकारी इमारती. शनिवारची वाट पाहणं. गंमत संपलीय हे सगळ्यांना कळेपर्यंत कुणाचा तरी जीव गेलेला असे. वडील मात्र बहुधा पाठमोरेच दिसत.

गिरीश जाता जाता म्हणत, "सगळे पिक्चर सेम, यार. चार टवाळ पोरं आणि सिगरेटी."

"इट्स नॉट अबाउट द सिगरेट्स, बाबा. एक तरी बघ ना माझ्याबरोबर."

"बघू, वीकेंडला."

वीकेंड येत आणि जात.

मग नीनाने स्वतःच बारा मिनिटांची फिल्म केली. शाळेचा कॅमेरा, शिव नावाचा वर्गमित्र, आणि त्या सिनेमांतल्या स्कूटरच्या जागी शैलजाची मिनीव्हॅन. माझ्यात तिने ती कॅसेटवर उतरवून घेतली आणि कॅमेऱ्यातली टेप शाळेत परत दिली. तिथे तिच्यावर दुसऱ्याच वर्गाचं चित्रण झालं. म्हणजे प्रत एकच उरली. बोस्टनच्या एका उन्हाळी फिल्म कोर्ससाठी ती सोमवारी पाठवायची होती. नीनाने तिच्यावर सातचा आकडा लावला.

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी असते. ती मोडली की तिथे खाच पडते. माझ्या आतली एक बारीक दांडी ती खाच चाचपते आणि मी रेकॉर्डिंगला नकार देतो. नीनाने ती पट्टी बॉलपेनने मोडली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने फिल्म लावली आणि अकराव्या मिनिटाला थांबवली. शेवटचं मिनिट तिला बाबांबरोबर बघायचं होतं. कॅसेट माझ्यातच राहिली.

"बाबा, उद्या सकाळी अर्धा तास मला. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तेव्हा २००३चा क्रिकेट वर्ल्ड कप चालू होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मॅच होती. गिरीश टायमर लावायला आले, तर घरात कोरी टेप नव्हती. त्यांनी माझ्यातली कॅसेट काढली, आकडा पाहिला आणि पुटपुटले, "तिचे ते लंडनवाले." मग खाचेवर सेलोटेप चिकटवली. देशात असताना त्यांच्या घरी प्रत्येक कॅसेट अशीच पुन्हा वापरत.

पहाटे माझी दांडी त्या सेलोटेपला टेकली. तिला खाच लागली नाही. टेप जिथे थांबली होती तिथून मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

सकाळी नीनाच्या हे लक्षात आलं. गिरीश म्हणाले, "सॉरी बेटा, मला वाटलं आसावरीचीच. पुन्हा शूट कर ना."

"इट्स फाइन," नीना म्हणाली. उरलेली अकरा मिनिटं तिने त्यांना दाखवली नाहीत. सोमवारी काहीच पाठवलं नाही. पुढे ती फार्मसीला गेली. घरात डीव्हीडी प्लेअर आला आणि मी टेपसकट खाली आलो.

गेल्या महिन्यात, २००८च्या ऑक्टोबरात, गिरीश बेसमेंट आवरायला आले. मला कचऱ्यात टाकण्याआधी त्यांनी माझ्यातली कॅसेट काढली, सातचा आकडा पाहिला आणि ती परत माझ्यात घालून सुरुवातीला नेली. मग कोपऱ्यातला जुना टीव्ही जोडून खोक्यावर बसले.

शिव बढाया मारत होता. नीना गाव सोडायच्या गोष्टी करत होती. मग एक दार उघडलं. आत कॉम्प्युटरसमोर मरून रंगाच्या स्वेटरमधली एक पाठ होती. गिरीशनी आपला स्वेटर ओळखला. नीनाचा आवाज आला, "बाबा." ते खांदे जरासे हलले.

आणि हिरवं मैदान आलं. एक फलंदाज हातमोजे घट्ट करत होता.

त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग स्पीकरवर फोन लावला.

"नीना, तुझ्या त्या फिल्ममध्ये... मी पुढे काय करतो?"

"यू टर्न अराउंड, बाबा. त्या पिक्चरमधले डॅड कधीच वळत नाहीत. तू वळलास आणि हसलास. दॅट वॉज द एंडिंग."

मित्रांनो, माझी दांडी फक्त खाच ओळखते. आत काय आहे हे तिला कळत नाही. तुम्हाला डोळे आहेत. कुणी आपल्यासाठी काही जपून ठेवलं असेल, तर ते पुसण्याआधी एकदा बघा.

गिरीशनी मला टाकलं नाही. त्या दिवशी त्यांनी नखाने ती सेलोटेप खरवडून काढली आणि कॅसेट पुन्हा माझ्यात ठेवली. खाच आता उघडी आहे. आता कुणी कितीही बटणं दाबली तरी मी त्या टेपवर काही रेकॉर्ड करणार नाही.