दोन बोटं आखूड

टेलरमास्तरांनी आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही पोटच्या पोरीशी. गिऱ्हाइकाच्या मापात सूतभर फरक पडला तर रात्रंदिवस हळहळणारा हा माणूस. पण दर सुट्टीत गुंडी मामाकडे गेली, की तिचा शाळेचा स्कर्ट काढायचा, खालची टीप उसवायचा, दोन बोटं कापायचा आणि परत अशी टीप घालायचा की बायकोलाही पत्ता लागू नये.

गुंडीला थॅलेसेमिया. सहा महिन्यांची होती तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्या रक्तातलं लोह अंगात साचतं, म्हणून ते बाहेर काढायला रोज सकाळी पाण्यात विरघळवून औषध घ्यायचं. चव म्हणाल तर खडू कालवल्यासारखी. दहा वर्षांची असताना ती म्हणाली, "बाबा, वर्गात मीच सगळ्यांत बुटकी. मी वाढणारच नाही का?" शहाण्या माणसाने डॉक्टरला विचारलं असतं, मास्तरांनी कात्री उचलली. आता काय बोलावं अशा बापाला!

शाळा उघडली तेव्हा स्कर्ट गुडघ्याच्या वर आलेला. गुंडी घरभर नाचली. "अगं बाई, ताडमाड वाढतेस की काय," आई म्हणाली. मास्तरांनी चेहरा गंभीर ठेवून टेप लावला आणि नवा स्कर्ट शिवला, जुन्याच मापाचा. असं चार वर्षं चाललं. रक्ताच्या वॉर्डात पोरांचं फक्त वजन करायचे. लोहाची तपासणी तर दोन वर्षं राहूनच गेली होती. उंची वाढतेय ना, असं कुणी विचारलंच तर आई कौतुकाने सांगायची, "दर वर्षी स्कर्ट आखूड होतो हिचा."

गुंडी चौदाची झाली. मैत्रिणींची पाळी कधीच सुरू झालेली, आणि ही अजून लहान मुलीसारखी. आईला घोर लागला. तिघं हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी रक्त तपासलं, गुंडीला भिंतीशी उभं करून उंची घेतली. एकशे चोवीस सेंटीमीटर, जेमतेम आठ वर्षांच्या मुलीएवढी.

"लोह फार साचलंय," बाई म्हणाल्या. "मेंदूखाली एक ग्रंथी असते. वाढ काय, पाळी काय, सगळं तिच्या हुकमाने चालतं. तीच खराब होत आलीय. उपचार सुरू करू, पण गेलेलं सगळं परत मिळेल असं मी सांगणार नाही. उंची कधीपासून थांबली?"

"थांबली कुठे?" आई म्हणाली. "दर वर्षी स्कर्ट आखूड..."

"मी कापायचो," मास्तर म्हणाले. "दर सुट्टीत, दोन बोटं. हिचं तोंड उतरलेलं बघवत नव्हतं मला."

आई नवऱ्याकडे बघतच राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मास्तर मान खाली घालून वाट बघत होते. पोरीने शिव्या घालाव्यात, निदान रडावं तरी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गुंडी त्यांच्याजवळ सरकली. "बाबा, रागवू नका," ती हळूच म्हणाली. "मी दोन वर्षं औषध बेसिनमध्ये ओततेय. मळमळायचं फार. मला वाटलं, स्कर्ट आखूड होतोय, म्हणजे मी वाढतेय, म्हणजे लोह मला काही करत नाही. चुकलं माझं."

पोर त्यांचीच माफी मागत होती.