सभेची बॅटरी

मुलांनो, डोळे मिटून कल्पना करा असं मी सांगणार नाही. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच करा. एक जिना आहे. त्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या खोलगट झाल्या आहेत. कठड्याचं लाकूड इतक्या हातांनी घासलंय की त्यावरून बोट सुळकन सरकतं. भरदुपारीही जिन्यात अंधार असतो, कारण शेजारी एक उंच इमारत उठली आणि तिची भिंत नेमकी जिन्याच्या खिडकीसमोर आली. आता या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर या. दम लागला? लागू द्या. या गोष्टीत दम लागणं महत्त्वाचं आहे.

वरचं पहिलं दार भिंगरीचं. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण एका जागी उभी म्हणून राहायची नाही, त्यामुळे सगळे भिंगरीच म्हणायचे. घरात ती, आई, बाबा आणि आजोबा. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं. आई इस्पितळात नर्स. आजोबा पूर्वी पाट्या रंगवायचे. खालच्या रस्त्यावरची कितीतरी दुकानं त्यांच्या अक्षरात आपलं नाव सांगत उभी होती. आईबाबा त्यांना अण्णा म्हणत आणि बाकीची इमारत पेंटरबुवा.

पण पेंटरबुवांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. चढणं सोडाच, उतरणंही जमेना. शेवटचे ते आपल्या पायांनी खाली गेले तेव्हा भिंगरीचे दुधाचे दात पडायचे होते. त्यानंतर त्यांचं जग म्हणजे खिडकी, रेडिओ आणि एक लांबलचक फळी. त्या फळीवर त्यांनी सगळा रस्ता रंगवून ठेवला होता. एकामागून एक दुकानं, जशीच्या तशी, वर पाटीसकट. भिंगरी शाळेतून आली की आधी रस्त्याची खबर द्यायची आणि आजोबा तशी फळी बदलायचे.

"छत्रीवाल्याचं दुकान गेलं, आजोबा."

"अरेरे. तिथे काय आलं?"

"काचेची इमारत. दार आपोआप उघडतं."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटीच नाहीये. नुसता आकडा आहे."

आजोबांनी ब्रश खाली ठेवला. "मग माणसं शोधत येतात कशी?"

"फोनमध्ये बघून."

"म्हणजे रस्ता फोनमध्ये आणि माणूस रस्त्यात," आजोबा म्हणाले आणि छत्रीवाल्याच्या सुंदर गोलाकार अक्षरांवर करडा रंग फिरवू लागले. रंग फिरवताना ते कधी पुटपुटायचे, कधी हसायचे. नव्या शहरावर ते रागावले आहेत की त्यांना त्याची ओढ लागली आहे, हे भिंगरीला काही केल्या कळायचं नाही.

आणि नेमकं तेच कळायला हवं होतं.

कारण आता त्यांच्याच इमारतीची पाळी आली होती. एका बिल्डरनं सांगितलं होतं, ही पाडतो आणि इथे टोलेजंग टॉवर बांधतो. प्रत्येकाला नवं घर, नवे नळ, आणि लिफ्ट. तोवर काही वर्षं सगळ्यांनी दुसरीकडे भाड्यानं राहायचं. खालच्या भिंतीवर त्यानं टॉवरचं रंगीत चित्र लावलं होतं. चित्रात दुकानं नव्हती, नुसत्या गाड्या होत्या. शेजारची इमारत होती तिथे हिरवीगार झाडं काढली होती. चित्रातली माणसं सडपातळ आणि तरुण होती. भिंगरीनं म्हातारा माणूस शोधून पाहिला, सापडला नाही.

इमारतीत सरळसरळ दोन तट पडले. टॉवर हवा म्हणणारे आणि आहे ते राहू दे म्हणणारे. जिन्यात एकमेकांना वाट देणारी माणसं आता भिंतीकडे तोंड करून जायला लागली. बेकरीवाले मामा दातांच्या डॉक्टरीणबाईंना पूर्वी गरम बिस्किटं पाठवायचे, ती बंद झाली. डॉक्टरीणबाईंनीही मामांची दाढ अर्धी भरून ठेवली आहे आणि उरलेली भरत नाहीत, अशी मामांची तक्रार होती. बाई म्हणायच्या, मामाच पुन्हा आले नाहीत.

सभा मात्र ठरल्यासारख्या व्हायच्या. आवारात, खुर्च्या मांडून. आणि त्या सभांची एक गंमत होती. फार पूर्वी एकदा सभा चालू असताना वीज गेली. अंधारात कोण बोलतंय ते समजेना, म्हणून सेक्रेटरीकाकांनी घरातून बॅटरी आणली. ज्याला बोलायचं त्यानं ती हातात घ्यायची आणि स्वतःच्या तोंडावर उजेड पाडून बोलायचं. त्या दिवशी प्रथमच सगळे एका वेळी एक असे बोलले. काकांना ते इतकं आवडलं की पुढे त्यांनी नियमच केला. ज्याच्या हातात बॅटरी तो बोलणार, बाकीचे गप्प. वीज असो वा नसो. आता तर त्या बॅटरीत सेलही नव्हते. पण ती हातात असल्याशिवाय कुणी तोंड उघडलं की सगळे मिळून "बॅटरी, बॅटरी" म्हणून त्याला खाली बसवत.

त्या रविवारी दुपारी शेवटची सभा होती. दुसऱ्या दिवशी बिल्डरला उत्तर द्यायचं होतं. घर एक, मत एक, असा हिशोब होता. सगळ्यांची मतं झाली आणि दोन्ही पारडी सारखी भरली. उरलं एकच घर, भिंगरीचं. आता तिथे पारडं हलवायचं तर आईबाबांचंच आपापसात जुळत नव्हतं.

भिंगरी सभेला उतरण्याआधी आजोबांजवळ जाऊन बसली होती. "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? टॉवर की हेच?"

"मला कुणी विचारलंय?"

"मी विचारतेय ना."

"तुला सांगतो. मग तू खाली जाऊन सांगशील. मग तुझा बाप म्हणेल पोर काहीतरी बोलते, आणि तुझी आई म्हणेल अण्णांचं मन राखायला बोलते." आजोबांनी रेडिओचा कान पिळला. "सभा माझ्या दारात आली असती तर सांगितलं असतं."

"सभा खालीच असते, आजोबा."

"तेच तर."

त्यांनी रेडिओचा आवाज आणखी वाढवला. भिंगरी पाय आपटत खाली आली. आजोबांचा राग आला, आईबाबांचा आला, त्या जिन्याचाही आला.

खाली डॉक्टरीणबाई बोलत होत्या. त्यांनी बॅटरी पेशंटच्या तोंडात धरतात तशी आडवी धरली होती. "मी शेवटचं सांगते. या जिन्यानं माणसाचा कैदी होतो. वर पेंटरबुवांना बघा. त्यांच्यासाठी तरी लिफ्ट नको का?"

बॅटरी बेकरीवाल्या मामांकडे गेली. "पेंटरबुवांचं नाव तुम्ही घेऊच नका. हा सगळा रस्ता त्यांच्या हातचा. त्यांना उचलून परक्या खोलीत टाकायचं, तेही या वयात? टॉवर उभा राहीपर्यंत ते थांबले नाहीत तर कुणाला विचारायचं?"

"बिल्डरला विचारा, लेखी देईल," मागून कुणीतरी म्हणालं.

"बॅटरी, बॅटरी."

मग ती बाबांच्या हातात आली. बाबांचे हात नेहमीसारखे वंगणानं काळे. त्यांनी आधी बॅटरी पँटला पुसली. "माझ्या घरचं मत मी देतो. चित्रात माझं दुकान नाही. मी सायकली काय सातव्या मजल्यावर दुरुस्त करू? गिऱ्हाईक चाक घेऊन लिफ्टनं येणार? आणि आमच्या अण्णांना या घराबाहेर एक दिवस झोप यायची नाही. मी मुलगा आहे त्यांचा, मला माहीत आहे."

आई उठून उभी राहिली. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल होते. तिनं बॅटरीसाठी हात पुढे केला. बाबांनी दिली नाही.

"माझं संपलं नाही अजून."

"तुमचं वर्षभर संपलेलं नाही," आई म्हणाली.

"बॅटरी, बॅटरी," सगळे म्हणाले.

"तीच मागतेय," आई म्हणाली आणि तिनं बॅटरीचं दुसरं टोक धरलं. "पाणी गेलं की बादल्या वर कोण नेतं? अण्णांना डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्ची उचलायची, आणि ते लाजेनं भिंतीकडे बघत बसणार. तुम्ही तेव्हा खुर्चीच्या मागे असता, तुम्हाला त्यांचं तोंड दिसत नाही. मी पुढे असते."

"म्हणजे मला काही कळत नाही?"

"सोडा."

"तू सोड."

सेक्रेटरीकाका दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. नियमात एक बॅटरी दोघांनी धरली तर काय करायचं, ते नव्हतं. आणि तेवढ्यात वंगणानं घात केला. बॅटरी दोघांच्या हातातून निसटली, फरशीवर टणकन आपटली आणि गडगडत गडगडत जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन थांबली. तिथे भिंगरी उभी होती. तिनं ती उचलली.

आता काय करायचं ते कुणालाच कळेना. नियम म्हणजे नियम. बॅटरी भिंगरीच्या हातात, म्हणजे बोलायचं भिंगरीनं.

सेक्रेटरीकाकांनी घसा खाकरला, बॅटरीशिवाय बोलतोय हे लक्षात आल्यावर तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली. बोल, बाळ.

भिंगरीला बोलायचं पुष्कळ होतं. सगळे आजोबांचं नाव घेता, मग कधी वर का येत नाही, हे विचारायचं होतं. बाबा, तुमचं दुकान जायला नको, आणि आई, तुला बादल्या उचलायला नकोत, हेही म्हणायचं होतं. पण हे सगळं बोलून झाल्यावर काय होईल ते तिला ठाऊक होतं. कुणीतरी कौतुकानं तिच्या डोक्यावर हात ठेवेल, बॅटरी काढून घेईल, आणि गाडी पुन्हा होती तिथेच येऊन थांबेल.

ती वळली आणि जिना चढायला लागली.

"अगं, कुठे?" बाबा म्हणाले. त्यांच्या हातात बॅटरी नव्हती, म्हणून सवयीनं दोघाचौघांनी त्यांना गप्प केलं.

आजोबा खिडकीशीच होते. फळीवर सायकलच्या दुकानाची पाटी त्यांनी नुकतीच नव्यानं रंगवली होती, रंग ओला होता. भिंगरीनं बॅटरी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"सभा वर आलीय."

"चल, वेडी. सभा खाली आहे."

"बॅटरी वर आहे," भिंगरी म्हणाली.

खाली पंचाईत झाली. ज्याला बोलायचं त्याच्याकडे बॅटरी नाही आणि ज्याच्याकडे बॅटरी आहे तो वर. शेवटी पावलं वाजायला लागली. आधी सेक्रेटरीकाकांची, मग आईबाबांची, मग सगळ्यांची. बेकरीवाले मामा दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबले. मागून येणाऱ्या डॉक्टरीणबाईही थांबल्या. त्याही धापा टाकत होत्या. पुढे जा म्हणायला दोघांकडेही दम नव्हता. मग दोघंही तिथेच पायरीवर शेजारी शेजारी बसली, तोंडं मात्र अजून दोन दिशांना. हळूहळू सगळा जिना भरला. वरच्या पायरीपासून खालच्या वळणापर्यंत अंधारात नुसती डोकी आणि श्वास.

आजोबांना दारापर्यंत यायला वेळ लागला. बाबा पुढे सरसावले, आजोबांनी हातानंच नको म्हटलं. चौकट धरून ते उभे राहिले. दुसऱ्या हातात बॅटरी.

"आधी धाप थांबू द्या," ते म्हणाले. "मला घाई नाही. मला बोलायचंय ते पुष्कळ साठलंय."

जिन्यातली धाप हळूहळू ओसरली.

"या खिडकीतून आवारातलं सगळं ऐकू येतं. वर्षभर ऐकतोय. एक म्हणतो पेंटरबुवांना लिफ्ट हवी. दुसरा म्हणतो पेंटरबुवांना हे घर हवं." ते बाबांकडे वळले. "तू म्हणतोस मला बाहेर झोप येणार नाही. मला इथेही येत नाही." मग आईकडे. "आणि तू माझं तोंड वाचतेस. ते तरी नीट वाचलंयस का, ते आज कळेल. माझ्या नावावर तुम्ही दोन्हीकडून आपापलंच बोललात. रागावून सांगत नाही."

पण ते रागावलेले होते.

"आता माझं मी सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी नियमाप्रमाणे बॅटरी वर धरली, आपल्या चेहऱ्याकडे. अंगठ्यानं बटण सरकवलं. काहीच झालं नाही. इतकी वर्षं त्यात सेल नाहीत हे सभेला न येणाऱ्या माणसाला कसं ठाऊक असणार? जिन्यातल्या माणसांना नुसता दारातला एक काळा आकार दिसत होता. पुन्हा त्यांनी बटण सरकवलं. मागच्या पायरीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "राहू द्या, पेंटरबुवा, तसंच बोला."

तेव्हा भिंगरी आजोबांच्या हाताखालून घरात शिरली. तिनं रेडिओ उलटा केला, मागचं झाकण नखानं उचकटलं आणि आतले जाडजूड सेल बाहेर काढले. बाहेर येऊन आजोबांच्या हातातली बॅटरी घेतली, बूड फिरवून उघडलं, सेल एकामागून एक आत सोडले आणि बूड घट्ट बसवलं. मग ती उंबऱ्यावर चवड्यांवर उभी राहिली, म्हणजे हात पुरेल, आणि बटण सरकवून तो उजेड तिनं आजोबांच्या चेहऱ्यावर धरला, शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही दिसेल असा.