एका दगडावर दोन फिर्मां

फ्रान्समधल्या त्या गावात आडनावाचा उपयोग कुणालाच नव्हता. सगळेच बोरेल. उतारावरची गल्ली बोरेलांची, ओढ्यावरचा पूल बोरेलांचा, सरपंचही बोरेलच. माणूस ओळखायचा तो घरावरून. हा गिरणीचा, तो विहिरीवरचा.

पहिल्या महायुद्धात विहिरीवरचा फिर्मां बोरेल गेला, गिरणीचा फिर्मां बोरेलही गेला. चौकात स्मारक उभं राहिलं तेव्हा दगडावर फिर्मां बोरेल एकदाच होता. यादी करणारा कारकून परगावचा. नाव दुबार आलंय असं समजून त्याने एक खोडलं होतं.

विहिरीवरच्या फिर्मांची बायको लिओन्तीन सरपंचाकडे गेली.

"चौदा बोरेल आहेत त्या दगडावर," सरपंच म्हणाला. "तुझाही आहेच की त्यात."

"माझा, की गिरणीचा?"

"दोघांचा समज."

"मरायला दोघं वेगळे गेले, सरपंच. नाव तेवढं सामाईक?"

"मधे बोटभर जागा नाही, बाई. आणि 'विहिरीवरचा' म्हणून कोरू? सगळा जिल्हा हसेल."

मग ती गिरणीवर गेली. तिथल्या फिर्मांची विधवा ओनोरीन चुलीपाशी चेस्टनट सोलत बसली होती. तिच्या नवऱ्याची शवपेटी वसंतात रेल्वेने आली होती, गावच्या दफनभूमीत पुरली होती. लिओन्तीनला आला होता तो 'बेपत्ता' लिहिलेला एक कागद.

"ओनोरीनकाकी, तुम्हाला थडगं आहे. दगड मला सोडा. उद्या चौकात नाव पुकारतील तेव्हा फूल घेऊन तुम्ही पुढे होऊ नका. एवढंच मागते."

ओनोरीनने सुरी खाली ठेवली.

"पेटी बंद आली गं. उघडू दिली नाही. वर नुसतं फिर्मां बोरेल लिहिलेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आत कोण आहे, मला काय ठाऊक? तुझाही असेल. दगडावरचं तेवढं मला खरं वाटतं. तेही सोडू?"

लिओन्तीन उठली.

दुसऱ्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या स्मरणदिनी, अख्खं गाव चौकात जमलं. मास्तर एकेक नाव वाचत होते आणि प्रत्येक नावाला शाळेची मुलं ओरडत होती, "फ्रान्ससाठी प्राण दिला!" मुलांत लिओन्तीनची क्लारीसही होती.

"फिर्मां बोरेल."

दोघी एकदमच पुढे झाल्या. एकमेकींना पाहून थबकल्या. मुलांनी एकदाच उत्तर दिलं. ओनोरीनने वाकून आपली शेवंती दगडापाशी ठेवली. लिओन्तीनचं फूल हातातच राहिलं.

"गास्तों बोरेल," मास्तरांनी पुढचं नाव घेतलं.

परतताना लिओन्तीन दफनभूमीत शिरली. गिरणीच्या फिर्मांच्या थडग्यापाशी बराच वेळ उभी राहिली. फूल ठेवावं, तर आत परका असला म्हणजे? न ठेवावं, तर आत तोच असला म्हणजे?

ती फूल घेऊन घरी आली. क्लारीसने ते पाहिलं.

"आई, बाबांना दिलं नाहीस?"

"कुठे देऊ?" लिओन्तीन म्हणाली, आणि फूल पाण्याच्या पेल्यात ठेवून तिने चूल पेटवायला घेतली.