गटाराची तपासणी

त्या पावसाळ्यात जुन्या जालन्यात, मस्तगडाकडच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन गल्ल्यांत मुदतीच्या तापानं पोरं एकामागून एक आडवी पडू लागली. ताप येतो कुठून, हे कळेना. आरोग्य खात्यातल्या इंद्रभाननं दोन्ही गल्ल्यांच्या गटारांत दोरीला बांधलेला, जखमेवर बांधायच्या गाजपट्टीचा एकेक बोळा सोडला. आजाऱ्याच्या पोटातले जंतू सांडपाण्यात उतरतात आणि बोळ्यात अडकतात. ज्या गल्लीचा बोळा जंतू दाखवील, तिथला पिण्याच्या पाण्याचा नळ उकरून पाहायचा, असा साधा बेत.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: दोन्ही बोळे कोरे. एकाला फिनेलचा वास.

इंद्रभान तडक वरच्या गल्लीत गेला. गटाराच्या दोन्ही काठांनी रांगोळी होती.

"मावशी, हे काय?" त्यानं दारात उभ्या असलेल्या गोजरबाईंना विचारलं.

"तूच म्हणला, तपासणी हाय. पाव्हणे पोरगी पाहायला येणार म्हणल्यावर तिचं तोंड धुत न्हाईत का? आम्ही गटार धुतलं. कढत पाणी, वरून फिनेल. खालच्या गल्लीत झुंबरबाईनं बी धुतलं म्हणं, पण आमची सर न्हाई."

"मला घाणच पाहिजे होती, मावशी."

"अन् आमच्या गल्लीत घाण निघाली म्हणून सरकारात बोभाटा? पोरींचे लग्नं व्हायचे हायत, बाबा."

शेजारच्या घरातून तापलेलं लेकरू कण्हत होतं. इंद्रभाननं त्या घराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खालच्या गल्लीतल्या बाया म्हणून राह्यल्या, वरच्यांच्या गटारात दमच न्हाई. काही निघतच न्हाई त्यातून."

गोजरबाईंनी पदर खोचला.

हीच थाप त्यानं खाली झुंबरबाईलाही मारली आणि नवे बोळे सोडले. गोजरबाईंनी गटारापाशी बाज टाकली. कुणी तांब्याभर पाणी जास्त ओतलं की त्या करवादायच्या, "आपलं गटार पातळ करून राह्यली का गं?"

या खेपेला वरच्या बोळ्यात जंतूच जंतू निघाले; खालच्या गल्लीत आजारी पोरं मोजकीच, तिथला बोळा कोरा राहिला. उकरलं, तर गोजरबाईंच्या दारासमोरच पिण्याचा नळ फुटून गटाराचं पाणी पीत होता. नळ बदलला, पाणी उकळून प्यायची सक्ती झाली, हळूहळू पोरं उठून खेळायला लागली.

गोजरबाई मात्र मुद्दाम खालच्या गल्लीतून चालत गेल्या. "तुमच्या बोळ्यात काय निघालं गं, झुंबरे?"

"काही न्हाई."

"आमच्यात निघालं. बक्कळ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच झुंबरबाई इंद्रभानच्या दारात उभी. "भाऊ, आमची तपासणी पुन्हा घ्या. मागच्या खेपेला आमची तयारी झाली नव्हती."