टीव्ही चालू होता

मी एक टीव्ही बोलतोय. एकवीस इंची, मागे मोठं पोट असलेला, जुन्या चालीचा. इतकी वर्षं दुसऱ्यांचंच बोललो, दुसऱ्यांचीच गाणी गायली. आता माझ्यात वीज नाही, म्हणून माझं स्वतःचं काही सांगू शकतोय.

हडपसरच्या एका दुकानातून मच्छिंद्र मला घेऊन आला. रिक्षात त्याच्या बायकोनं, शालूनं, मला पोटाशी धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती म्हणायची, "अवो, हळू सांगा की त्याला. लेकरू हाय का वझं हाय?" मांजरी गावात तेव्हा उसाची शेतं खूप होती. मच्छिंद्रचं घर म्हणजे उसाच्या कडेच्या दोन खोल्या. भिंतीला भिंत लावून थोरल्या भावाचं, सर्जेरावाचं घर.

मला बाहेरच्या खोलीत कडाप्प्यावर ठेवलं. समोर दिवाण, मध्ये फरशी. फरशीवर बसून मोनाली मला बघायची. ती पाच वर्षांची होती. तिचा भाऊ भैरू तेव्हा नुकता बोलायला लागला होता.

सुरुवातीला सर्जेराव आणि त्याची बायको मैना रोज संध्याकाळी यायची. मैना दारातच बसायची आणि मालिकेतल्या सासूला मोठ्यानं शिव्या द्यायची. शालू हसून हसून बेजार व्हायची. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाजलं. येणंजाणं बंद झालं. मैनेची चप्पल आमच्या दारात दिसेनाशी झाली.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि घराघरात ताप आला. शालू पडली ती नवरात्राच्या तोंडावर. आधी नुसतं अंग मोडून आलं, मग डोळ्यांमागे ठणका, मग असा ताप की दिवाणावरची चादर गरम लागावी. डॉक्टरांनी डेंग्यू असेल म्हणून सांगितलं, रक्त तपासा म्हणाले, पाणी भरपूर प्या आणि पडून राहा म्हणाले.

पडून राहा, हे सोपं नव्हतं. मच्छिंद्र कंपनीत कंत्राटावर होता. दोन दिवस घरी राहिला, तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला की तिसऱ्या दिवशी आला नाहीस तर येऊच नकोस. शालूचं माहेर लांब. मोनालीला बालवाडीत सोडायला कुणी नाही, म्हणून तीही घरीच. भैरूचं लक्ष सारखं रस्त्याकडे, आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे. शालूनं दाराची वरची कडी लावून घेतली आणि मला चालू केलं.

"मोने, भैरूला घिऊन बस. मी जरा पडते."

असे ते दिवस गेले. भैरूला भूक लागली की शालू भिंतीला धरून उठायची, भात लावायची, दोघांच्या ताटात वाढायची आणि परत येऊन आडवी व्हायची. भैरू तिच्या पोटावर चढून बसायचा. "आई, घोडा हो." ती म्हणायची, "घोडा दमलाय रं सोन्या." तो रडायला लागला की ती मोनालीला माझा आवाज वाढवायला सांगायची.

आमच्याकडे लोडशेडिंग रोजचं. दुपारी मी बंद पडायचो, की पोरं तिच्याकडे वळायची आणि तिला उठावंच लागायचं. कधी ती पडल्या पडल्या गोष्ट सांगायची, अर्ध्यात विसरायची. भिंतीपलीकडून मैनेच्या भांड्यांचा आवाज यायचा. एकदा मोनालीनं विचारलं, "काकूला बोलवू का?" शालूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "नगं. त्यांनी आपनहून याया पायजे."

आणि पलीकडे मैना शेजारणीला सांगत होती, तेही ऐकू आलं. "तापानं फणफणलीय म्हनं. आन् टीव्ही तर सकाळपासनं दणादण चाललाय. असला कसला ताप?"

मग एका सकाळी मच्छिंद्रनं तिच्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहराच उजळला. "शाले, ताप उतरला की!"

"व्हय. पर पोटात लई दुखतंय."

"उपाशी हाईस म्हणून. आज वाईच जेव. मी संध्याकाळी लवकर येतो."

तो शीळ घालत गेला. तिनं कडी लावली, पोरांना चहा-बिस्कीट दिलं. माझं बटण दाबताना तिचा हात माझ्या अंगाला लागला. गार होता, आणि ओला.

"आता मला उठवू नका," ती म्हणाली. "लई झोप आलीय."

पोरं माझ्याकडे तोंड करून बसली. त्यांच्या डोक्यांवरून मला ती दिसत होती. आधी ती कूस बदलत होती. एकदा तिनं पदरानं ओठ पुसले, तर पदराला रक्त लागलं. तिनं ते बघितलं आणि पदर मुठीत धरून ठेवला. "मोने," असं ती एकदा म्हणाली. त्या वेळी मी जाहिरातीतलं गाणं गात होतो. मोनालीला ऐकू गेलं नाही.

सणाचे दिवस म्हणून त्या आठवड्यात लोडशेडिंग बंद ठेवलं होतं. सगळा गाव खूश होता. दुपार झाली तरी मी चालूच. भैरू भुकेनं दिवाणाकडे गेला, आईचा हात ओढायला लागला. मोनालीनं त्याला मागे खेचलं. "उठवू नको म्हणलीय ना आई!" तिनं डब्यातलं बिस्कीट काढलं, पाण्यात बुडवलं आणि त्याला भरवलं. नंतर त्याच्याच शेजारी बसून गाण्यावर टाळ्या वाजवल्या. इतकी शहाणी पोर मी दुसरी पाहिली नाही. तिचा तो शहाणपणा मला बघवत नव्हता.

संध्याकाळच्या सुमाराला रस्त्यावरच्या विजेच्या डीपीवरचा फ्यूज उडाला. मी बंद झालो. खोलीत एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेला भैरू घाबरला. तो भोकाड पसरून रडू लागला. "आई, लाईट गेली," मोनाली म्हणाली. दिवाणाजवळ जाऊन पुन्हा म्हणाली. मग तीही ओरडली.

भिंतीपलीकडे भांडी थांबली.

मैना खिडकीशी आली. "शालू? अगं ए शालू!" गजातून आत बघितलं आणि तिचा आवाज फाटला. "मोने, कडी काढ गं! काढ लवकर!" मोनालीचा हात कडीपर्यंत पोचत नव्हता. ती उड्या मारत राहिली. मैनेनं हाक मारली तसा सर्जेराव रानातून पळत आला आणि त्यानं खांद्यानं दार फोडलं. इतक्या दिवसांनी ती दोघं आमच्या घरात आली ती अशी.

शालूचा श्वास चालू होता. तिला टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, थोडं आधी आणायला हवं होतं. ती परत आली नाही.

कुणी कुणाला दोष दिला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मैना आपणहूनच सांगायची, "टीव्ही चालू व्हता वो. मला वाटलं, मजेत हायती." सांगून झालं की तोंडाला पदर लावायची. सर्जेराव भावाला म्हणाला, "इथनं पुढं पाण्याची पाळी तू घे, पाहिजे तेवढी."  मच्छिंद्रनं माझ्यावर चादर टाकली.

पोरं मैनेनंच वाढवली. ऊस गेला, इमारती आल्या, मांजरी गाव शहरात जमा झालं. मोनाली आता नोकरी करते. मागच्या आठवड्यात ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, ते भंगारात देऊन टाका ना प्लीज." आता मी भंगाराच्या ढिगात आहे. उद्या हातोडा घेऊन कुणी येईल, काच फोडेल, आतलं तांबं काढून घेईल. घेऊ दे.

जाता जाता तुम्हाला एकच विनवणी. शेजारच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, आत लहान लेकरं असतील आणि दिवसभर गाणी ऐकू येत असतील, तर घरात सगळं ठीक आहे असं समजू नका. भांडण असलं तरी जा. कडी वाजवा.