सुई कितीदा थांबली

भुताच्या सिनेमांची परीक्षणं लिहून पोट भरणाऱ्या माणसाचं घरातलं नाव भित्र्या असावं, ही थट्टा देवाची की आत्याची, कोण जाणे. नाव ठेवलं होतं आत्यानेच. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि लहानपणी हा पठ्ठ्या खोलीतल्या कपाटालाही घाबरायचा. मग आत्या कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसायची, कुणाची तरी पँट मांडीवर घ्यायची आणि हा झोपेपर्यंत तिची खालची पट्टी शिवत राहायची. कपडे दुरुस्त करून द्यायचं काम होतं तिचं. लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. अजूनही तेच करते.

भित्र्या मोठा झाला आणि त्याची भीती गेली. गेली ती अशी गेली की पंचाईतच झाली. इतकी भुतं बघून झाली होती की पडद्यावर मढं उठून बसलं तरी हा जांभई द्यायचा. जीभ भाजलेल्या आचाऱ्याने मीठ कसं चाखायचं? कुठल्या सिनेमाने लोक घाबरतील आणि कुठला बघून हसतील, हेच त्याला कळेनासं झालं. आणि मग त्याला आत्या सापडली. म्हणजे होती ती घरातच, त्याला आत्ता दिसली.

सिनेमे दोघं दुपारी बघायची. भित्र्या खिडकीचे पडदे ओढून त्यांना कपड्यांचे चिमटे लावायचा, खोलीत अंधार करायचा. आत्याच्या खुर्चीशेजारी तेवढा शिवणाचा छोटा दिवा. ती शिवत शिवत बघायची, आणि पडद्यावर काही भयंकर घडलं की तिची सुई थांबायची. ती ओरडायची नाही, डोळे मिटायची नाही, फक्त सुई कापडात अर्धी जाऊन थांबायची. भित्र्याने हे हेरलं आणि त्याचं नशीब उघडलं. रविवारच्या पुरवणीत त्याच्या सदराला संपादकबाईंनी नावच दिलं, ‘सुई कितीदा थांबली’. चांदण्या नाहीत, गुण नाहीत, सुया. दोन सुयांचा सिनेमा म्हणजे बघितला नाही तरी चालेल, चार सुयांचा म्हणजे एकट्याने बघू नका.

वाचकांना वाटायचं, लेखकाने आपली एक गंमत केली आहे. खरी गोष्ट ही की परीक्षण लिहिणारा पडद्याकडे कमी आणि आत्याच्या हातांकडे जास्त बघायचा. पण हे कोण कशाला सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आत्या ते सदर वाचत नसे. "मी काय वाचू त्यात?" म्हणायची, "मी तर तिथेच होते."

तिला हे सिनेमे आवडतात का, असं कुणी विचारलं तर भित्र्या छातीठोकपणे हो म्हणायचा. न्हाणीघरात जाताना ती दार किलकिलं ठेवते, पॅसेजमधला दिवा रात्रभर जळत ठेवते, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण भीतीतही एक मजा असते, लोक त्यासाठीच तर पैसे मोजतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. स्वतःची समजूत घालायला माणसाला वकील लागत नाही.

आता त्या सिनेमाचं. त्याचं नाव राहू द्या. सिनेमा येण्याआधी त्याची गोष्ट थोडक्यात लिहून परीक्षकांना पाठवतात, तशी भित्र्यालाही आली. त्याने चहा पिता पिता वाचली. एका नावाड्याला नदी गिळते. प्रेत मिळत नाही. आणि मग रोज संध्याकाळी तो घरी येतो, दार वाजवतो, आणि उंबरठ्याखालून पाणी आत येतं.

आत्याचे यजमान, म्हणजे भित्र्याचे आतोबा, नदीवरच्या मालवाहू बोटीवर कामाला होते. पुरात बोट उलटली. बाकीची माणसं सापडली, कुणी जिवंत, कुणी मेलेली. आतोबा सापडलेच नाहीत. आत्या त्याबद्दल कधी बोलत नसे, आणि घरात कुणी काढतही नसे.

तर ते वाचून भित्र्याच्या मनात पहिल्यांदा काय यावं? हा सिनेमा आत्याला दाखवायचा नाही, असं यायला हवं होतं. कुठल्याही माणसाच्या मनात तेच आलं असतं. याच्या मनात आलं, आज सुई थांबणार.

आणि त्याने दुपारी पडद्यांना चिमटे लावले.

सुई थांबली नाही. पहिल्यांदा दार वाजलं तेव्हा आत्याने मान वर केली आणि पुन्हा शिवायला लागली. पाणी आत आलं, ती शिवत होती. भित्र्याची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. मध्येच ती अर्धवट उठली, म्हणाली, "मी जरा चहाचं बघते रे."

"बस गं," तो म्हणाला. "थोडंच राहिलंय."

ती बसली. शिवत राहिली. सिनेमा संपला, त्याने दिवा लावला, आणि मग दिसलं की तिने खालच्या न्हाव्याची पँट स्वतःच्या मांडीवरच्या शालीला शिवून टाकली होती. लहान, नीट, एकसारखे टाके. शेवटच्या वीतभर टाक्यांत तर दोराच नव्हता. नुसती सुई आत-बाहेर गेलेली.

"बघ बाई, वेंधळेपणा," आत्या म्हणाली आणि कातरीने एकेक टाका उसवू लागली.

भित्र्याने त्या संध्याकाळी जे परीक्षण लिहिलं, ते त्याचं आजवरचं सगळ्यात गाजलेलं. सुई थांबलीच नाही, वाचकहो, असं त्याने लिहिलं, आणि सुईमागची आत्या पहिल्यांदाच वाचकांपुढे आणली. आमच्या आत्याने घाबरून शेजाऱ्याची पँट स्वतःला शिवून घेतली, आता न्हावी येतो की आत्या जाते ते बघायचं. पाचपैकी पाच सुया. लोक हसून हसून दमले. संपादकबाईंचा फोन आला, "अहो, आत्याबाईंना जपा, सोन्याची खाण आहे ती."

आतोबांचा त्यात उल्लेख नव्हता. एवढी लाज त्याने राखली होती, आणि हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता.

न्हाव्याचं दुकान खालीच होतं. पँट न्यायला तो वर आला तोच दात काढत. "काय आत्याबाई, मला शिवून घेताय म्हणे! सगळं गिऱ्हाईक विचारतंय. पाच सुया, म्हणजे काय थोडं झालं? बुडालेला नवरा दार वाजवतो म्हटल्यावर कोण नाही घाबरणार?"

आत्याने पँट घडी करून त्याच्या हातात दिली. मग भित्र्याकडे वळली. "ते तू लिहिलंस होय?"

"गमतीत गं."

न्हाव्याला आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो एवढं कळलं, आणि तो पैसे ठेवून निघाला. पण आत्यानेच त्याला दारात थांबवलं. "त्याला काय माहीत होतं सिनेमात काय निघणार ते," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर त्याने मला बसवलं नसतं. हो ना रे?"

न्हाव्यासमोर त्याने मान डोलावली. "मला तरी कुठे माहीत होतं."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली आणि आत गेली.

तिने त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने त्याची बाजू घेतली, आणि ते त्याच्या घशाखाली उतरेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. ती भाजी चिरताना थांबली की हा हातातलं काम टाकून उठायचा. ती खिडकीबाहेर बघायला लागली की हा विनाकारण खोकायचा.

मग त्याला टॉवेल दिसला. बाहेरच्या दाराशी, चपलांच्या फळीवर, नीट घडी घातलेला. त्याला वाटलं, वाळत घालायचा राहिला असेल, म्हणून त्याने तो उचलून कपाटात ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी तिथे दुसरा टॉवेल. इस्त्री केलेला. सकाळी आत्या तो उचलायची, हाताने चाचपून बघायची आणि परत आत ठेवायची. कोरडाच असायचा.

तिचे डोळे लाल दिसायला लागले. एका गिऱ्हाइकाची पँट एका पायात आखूड झाली. "उजेड कमी पडतो," ती म्हणाली. भित्र्याने मुकाट्याने नवा दिवा आणून दिला, जसं काही दुखणं दिव्याचंच होतं.

त्यात संपादकबाईंचा पुन्हा फोन आला. त्याच सिनेमाचा दुसरा भाग येतोय, या वेळी आत्याबाई बघताना त्यांचं चित्रीकरण करू, फार मोठं होईल हे. भित्र्या म्हणाला, "ती नाही बसणार." बाई म्हणाल्या, विचारून तर बघा. विचारलं असतं तर आत्या बसली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो म्हणेल तिथे ती बसली असती. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ फळीवरच्या टॉवेलाकडे बघत उभा राहिला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

आत्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"आत्या, मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सिनेमात काय आहे ते. आधीच लिहून आलं होतं. मी वाचलं होतं, आणि तरी तुला बसवलं. न्हाव्यासमोर खोटं बोललो."

आत्याने हातातलं भांडं पुसून पूर्ण केलं. जागेवर ठेवलं. "का बसवलंस?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते तोंडातून काढताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला भीती वाटत नाही आत्या. कशाचीच. म्हणून मी तुझी बघतो."

आत्याने टपटपणारा नळ घट्ट पिळला. मग ती म्हणाली, "उद्या दुपारी पडदे लाव. तोच सिनेमा लाव."

"नको गं."

"लाव म्हणते ना."

दुसऱ्या दिवशी त्याने चिमटे लावले. आत्याने आपली खुर्ची उचलली आणि फिरवून पडद्याकडे पाठ करून, त्याच्या समोर ठेवली. मांडीवर शिवण नव्हतं. हात नुसते एकमेकांत धरून ती बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"माझ्याकडे नको," ती म्हणाली. "तिकडे बघ."

आणि भित्र्याने तो सिनेमा पहिल्यांदाच पाहिला. हो, पहिल्यांदाच. पाच सुया दिल्या तेव्हा त्याने सुई पाहिली होती, सिनेमा नाही. दार वाजलं. बायको कडीवर हात ठेवून उभी राहिली. त्याला वाटलं होतं, दाराबाहेर काहीतरी सडलेलं, दात विचकणारं असेल. तसलं काहीच नव्हतं. एक माणूस निथळत उभा होता आणि बायकोला घरातल्या नावाने हाक मारत होता.

"काय म्हणतो तो?" आत्याने विचारलं.

"थंडी वाजते म्हणतो."

"हं. आणि ती?"

"ती दार उघडत नाही."

"नाही उघडत," आत्या म्हणाली. "मी तिथे बसून म्हणत होते, उघड गं बाई, उघड. आणि तू माझ्या हातांकडे बघत होतास."

तो बंद करायला उठला. तिने त्याचं मनगट धरलं. शिवून शिवून टणक झालेली तिची बोटं त्याला लागली.

"बस," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

तो बसला. पडद्यावरचा माणूस पुन्हा दार वाजवत होता, हळू, घरच्या माणसाने वाजवावं तसं. भित्र्याला वाटलं, आपल्याच दारावर वाजतंय. कपाटापुढे स्टुलावर बसलेली आत्या त्याला आठवली. त्याची भीती पळावी म्हणून ती जागी राहायची, आणि याने तिला काय दिलं? त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तरी आत्याने त्याच्यावरून नजर काढली नाही.

सिनेमा संपला. ती उठली, पडद्यांचे चिमटे एकेक करून काढले, आणि खोलीत दुपारचं ऊन आलं. मग बाहेरच्या दारापाशी गेली आणि फळीवरचा टॉवेल घेऊन आली.

"घे, तोंड पूस," ती म्हणाली. "तुझ्या आतोबांना काही तो लागायचा नाही."

त्याने टॉवेल घेतला. साबणाचा वास होता त्याला, आणि इस्त्रीची घडी अजून कडक होती.

"यापुढे तुझे सिनेमे तू एकट्याने बघ," आत्या म्हणाली. "भीती वाटली तर हाक मार. मी आतच आहे."

ती आत गेली. थोड्या वेळाने तिचं शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. भित्र्या टॉवेल हातात धरून तसाच बसून राहिला. भीती तर त्याला वाटत होती, लहानपणी वाटायची तशीच. पण हाक मारायची कोणत्या तोंडाने?